अंगावर येणारा कोंबडा

परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या घरात हा प्रसंग कधी ना कधी येतोच. कालपर्यंत पायात घुटमळणारं, मुलांच्या हातचे तांदूळ टिपणारं पिल्लू पाच-सहा महिन्यांचं होतं, तुरा लालभडक होतो, आणि एके सकाळी खुराडं उघडायला गेलेल्या बाईच्या पोटरीवर मागून दोन पाय येऊन आदळतात. पहिल्यांदा घरातले हसतात. पुढच्या वेळी परसात जाताना हातात काठी येते. महिन्याभराने अशी वेळ येते की अंडी गोळा करायला घरातलं एकच माणूस धजावतं, आणि शाळेतून येणारी मुलं मागचं दार सोडून वळसा घालून पुढच्या दाराने घरात शिरतात.

आमच्याकडे हे झालं तेव्हा प्रत्येकाजवळ उपाय तयार होता. एक सणसणीत लाथ घाला, परत यायचा नाही, असं शेजारचे काका म्हणाले. कुणी बादलीभर पाणी ओतायला सांगितलं, कुणी सरळ चूल पेटवायला. आजी मात्र हातात सूप घेऊन सावकाश परसात जायची, तिची कामं उरकायची, आणि कोंबडा तिच्या वाटेला जायचा नाही. तेव्हा तो मला आजीचा दरारा वाटे. पुढे कोंबड्यांच्या वर्तनाविषयी वाचत गेले आणि तासन्‌तास परसात बसून त्यांना पाहत राहिले, तेव्हा कळलं की आजी एक अगदी नेमकी गोष्ट करत होती, आणि लाथ घालणारे नेमकी तिच्या उलट.

कोंबडा माणसाच्या अंगावर येतो तेव्हा त्याच्या लेखी समोर माणूस नसतो, दुसरा कोंबडा असतो. ही एक गोष्ट नीट समजली की उरलेलं बरंचसं आपोआप सुचतं.

आपल्या घरच्या कोंबड्यांचं मूळ लाल रानकोंबड्यात आहे, हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत राहणाऱ्या. पण सगळं रक्त त्याचं नाही. देशी कोंबडीचे पाय पिवळे दिसतात, त्या पिवळेपणाला कारण असलेलं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं असल्याचं २००८ मध्ये सिद्ध झालं. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला पहाटे त्याचं तुटक ओरडणं ऐकलेले पुष्कळ वाचक असतील. रानात एक जोमदार नर काही माद्यांसह ठरलेल्या टापूत राहतो, त्या टापूत दुसऱ्या नराला येऊ देत नाही, आणि आरवून आपली हद्द जाहीर करतो. खुराड्यात हजारो वर्षं राहूनही घरच्या कोंबड्याची ही रीत पुसली गेलेली नाही. त्याचा टापू आता तुळशीवृंदावनापासून उकिरड्यापर्यंत असतो, इतकंच.

कळपात कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. ही गोष्ट शास्त्रीय अभ्यासात आणली थोर्लाईफ श्येल्डेरूप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने. लहानपणापासून तो कोंबड्या न्याहाळत आणि टिपणं काढत असे. १९२१ मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला. कार्यालयातल्या वरिष्ठ-कनिष्ठांबद्दल बोलताना आज सर्रास वापरला जाणारा ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्दप्रयोग त्याच्याच कामातून आला. ही उतरंड आरवण्यातही दिसते. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं, की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत पहाटे पहिली बांग देण्याचा मान सर्वांत वरच्या कोंबड्याचा असतो, आणि बाकीचे त्याच्या पाठोपाठ आपापल्या पायरीप्रमाणे आरवतात. म्हणजे ‘मी कितव्या पायरीवर’ हा प्रश्न कोंबड्याच्या आयुष्यात रोज पहाटेपासून हजर असतो. तुमच्या परसात एकच कोंबडा असेल तर त्याला हा प्रश्न विचारायला दुसरं कुणी नाही. रोज दोनदा त्याच्या हद्दीत शिरणारे, त्याच्या कोंबड्यांना हात लावणारे, अंडी उचलून नेणारे तुम्हीच असता.

हल्ला अचानक झाला असं आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा कोंबड्याने आधी सांगितलेलं असतं. तो तुमच्याकडे सरळ न येता तिरका येतो. एक पंख खाली सोडून, पाय त्यावर घासत, अर्धवर्तुळात सरकतो. मानेभोवतीची पिसं फुलवतो. जमिनीवर दाणा नसताना चोच मारत राहतो आणि एका डोळ्याने तुमच्यावर नजर ठेवतो. हेच सोंग तो कोंबडीपुढेही करतो, त्यामुळे गोंधळ होतो. पण कोंबडी नसताना ते तुमच्यापुढे झालं की आव्हान समजावं. त्यानंतर तो उडी घेतो आणि दोन्ही पाय पुढे फेकतो. चोचीची टोच लागते, पण खरी जखम करतो तो पायामागचा काटा. या काट्याच्या आत हाड असतं आणि वर शिंगासारखं कठीण आवरण. वर्षाच्या आतल्या कोंबड्याला तो छोट्या गाठीसारखा असतो; दोन-तीन वर्षांत लांब, अणकुचीदार आणि किंचित वर वळलेला होतो.

इथे एक हिशेब घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने करावा. गिरिराज किंवा वनराजसारख्या सुधारित जातीचा पूर्ण वाढलेला कोंबडा तीन किलोच्या आसपास किंवा पुढे जातो. त्याची उडी मोठ्या माणसाच्या गुडघ्या-मांडीपर्यंत पोचते. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तीच उडी चेहऱ्यापर्यंत जाते.

आता लाथेचं काय होतं ते पाहू. कोंबड्याने आव्हान दिलं, तुम्ही लाथ घातली. त्याच्या जगात याचा अर्थ तुम्ही आव्हान स्वीकारलं, म्हणजे तुम्ही खरोखरच दुसरा कोंबडा आहात. तो मागे सरला तरी प्रकरण मिटत नाही. उद्या तुमची पाठ वळल्यावर पुढची फेरी होते. आणि घाबरून पळालात तर तो जिंकला. जिंकण्याची सवय त्याला फार लवकर लागते, कारण रोज सकाळी तोच सामना असतो. मी पाहिलेल्या रागीट कोंबड्यांपैकी सर्वांत वाईट तो होता, ज्याला मुलांनी काठीने डिवचून रोज खेळवलं होतं. मुलांना ती गंमत वाटली. कोंबड्याचं मात्र ते शिक्षण झालं.

आजीचं सूप याउलट काम करत होतं. ती त्याच्याशी लढत नव्हती आणि त्याला वाटही देत नव्हती. गुडघ्यापुढे सूप धरलेलं असे, त्यामुळे उडी आली तरी ती सुपावर आदळे. आजीला पाय मागे घ्यावा लागत नसे. बादली, घमेलं, रुंद पाटी, काहीही चालतं. परसात शिरताना सावकाश, सरळ कोंबड्यांच्या घोळक्यात न घुसता बाजूने जावं. त्याने पंख खाली सोडला की थांबावं, त्याच्याकडे तोंड ठेवावं, हात हलवू नयेत, ओरडू नये. तो थोडा वेळ मिरवतो, मग काही मिळत नाही म्हटल्यावर बाजूला वळतो, जमीन उकरतो किंवा पिसं साफ करू लागतो. हाच क्षण महत्त्वाचा. तेव्हा आपण त्याच्या दिशेनेच दोन-तीन पावलं सावकाश टाकायची, तो सरकेल इतपत. त्याने जागा सोडली की आपल्या कामाला लागायचं. त्याला कोपऱ्यात कोंडायचं नाही. सुटायला वाट नसलेला कोंबडा हमखास झेपावतो. हे रोज, दोन-तीन आठवडे, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने सारखंच करायला हवं. एकजण शांत राहिला आणि दुसरा दगड मारत राहिला तर कोंबडा माणसं ओळखून वागतो: एकाला सोडतो, दुसऱ्याला धरतो. म्हणूनच ‘मला तर तो काही करत नाही’ असं घरातला कर्ता पुरुष म्हणतो तेव्हा त्यावर विसंबू नये. अंडी काढणाऱ्या सुनेला आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांना विचारावं.

दाणे टाकतानाही एक पथ्य आहे. मूठ आपल्या पायाशी न टाकता लांब फेकावी. दाणा दिसला की चांगला कोंबडा स्वतः खात नाही. तो उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि घशातून भराभर ‘कुट्‌-कुट्‌’ असा आवाज काढून कोंबड्यांना बोलावतो. त्याला ते करू द्यावं. त्याच्या डोळ्यांदेखत कोंबडी पकडू नये. पकडलेली कोंबडी किंचाळली की शांत कोंबडाही धावून येतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. औषध पाजायचं, पाय बघायचे, विकायला काढायची, ही सगळी कामं अंधार पडल्यावर करावीत. कोंबड्यांना अंधारात फारच कमी दिसतं. दिवसा अंगावर येणारा कोंबडाही रात्री खुराड्यातल्या काठीवरून मुकाट्याने उचलून घेता येतो. उचलताना पंख अंगाशी दाबून काखेत धरावा. पाय धरून उलटं लोंबकळत न्यायची आपल्याकडे रीत आहे, ती मात्र सोडायला हवी. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. उलटं टांगल्यावर आतड्यांचा भार हवेच्या पिशव्यांवर येतो आणि त्यांना श्वास घेणं कठीण होतं.

कपड्यांबद्दल एक निरीक्षण सांगते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोकं आणि तुरा यांवरून ओळखतात. डोक्याचं रूप बदललं तर कळपातल्या ओळखीच्या कोंबडीलाही परकी समजून टोचतात, असं प्रयोगांत दिसून आलेलं आहे. पावसाळ्यात रेनकोट किंवा इरलं घेऊन परसात गेलं की आमचा कोंबडा बिथरायचा, ते मला यामुळेच असावं असं वाटतं. नवे चकचकीत गमबूट, डोक्यावर गुंडाळलेला टॉवेल, हातातला लाल टप, यांनी त्याच्या डोळ्यांत तुम्ही अनोळखी होऊ शकता. अशा दिवशी आधी थोडं लांब उभं राहून आवाज द्यावा.

काही कारणं आपल्याच हातची असतात. दोन-चार कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवला तर त्या कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं झडतात आणि कोंबडाही सतत अस्वस्थ राहतो. दहाच्या आसपास कोंबड्यांमागे एक हे प्रमाण बरं. जागा अपुरी असेल, दाण्याचं आणि पाण्याचं भांडं एकेकच असेल, लपायला आडोसा नसेल, तर चिडचिड वाढते. दिवस मोठा होत जातो तसा नराचा जोम वाढतो. आपल्याकडे डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा असलेला दिवस जूनमध्ये सव्वातेरा तासांपर्यंत जातो, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाशी तक्रारी वाढल्या तर नवल नाही. आणि वर्ष-दोन वर्षं सरळ वागलेला कोंबडा एकाएकी बदलला, तर आधी रात्री उचलून त्याची तपासणी करावी: तळपायाला गळू झालंय का, पंखांखाली उवा-पिसवा झाल्यात का. दुखणाऱ्या जनावराला शिस्त लावत बसणं अन्यायाचं आहे.

पिल्लूपणी लाडावलेला नर हा वेगळा विषय आहे, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. एकटं वाढवलेलं, मुलांनी मांडीवर खेळवलेलं नर पिल्लू मोठेपणी सर्वांत प्रेमळ होईल असं आपल्याला वाटतं. पाळणाऱ्यांचा अनुभव बरेचदा उलट आहे. त्याला माणसाचं भय राहिलेलं नसतं, आणि आपल्या जातीच्या मोठ्या कोंबड्यांकडून मार खाऊन पायरी शिकण्याची संधीही मिळालेली नसते. माणूस हाच त्याचा कळप असतो, तेव्हा वयात आल्यावर तो भांडणारही माणसाशीच. नर पिल्लू कळपातच, जाणत्या कोंबडे-कोंबड्यांत वाढू द्यावं. मुलांना खेळवायचंच तर तलंगा पुष्कळ असतात.

जातीवरून स्वभाव ठरतो का, असं लोक विचारतात. असील हे याचं चांगलं उदाहरण. झुंजीसाठीच शतकानुशतकं पैदास झालेली ही जात दुसऱ्या नराला जिवंत सोडत नाही, पण सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात सहसा अगदी शांत राहते, कारण झुंजवणाऱ्यांना हाताळता येणारेच पक्षी हवे असत. म्हणजे कोंबड्यांशी भांडणं आणि माणसावर धावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैदाशीत त्या वेगवेगळ्या निवडता येतात. पूर्व विदर्भात कोंबडबाजारात पायाला काती बांधून कोंबडे झुंजवले जातात. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने प्राण्यांना असं झुंजवणं गुन्हा आहे. ‘रागीट आहे ना, मग झुंजीवाल्याला देऊन टाका’ हा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये.

काट्याची धार कमी करता येते. फक्त टोक, तेही कानशीने घासून बोथट करावं. मुळाशी कापायला गेलं तर आतल्या हाडाला इजा होते, रक्त वाहतं. ते काम पशुवैद्यकाचं.

जखम झालीच तर ती बाहेरून लहान आणि आत खोल असते, हे लक्षात ठेवावं. काटा कोंबड्याच्या विष्ठेतून आणि उकिरड्यातून फिरलेला असतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली धुवावी, वर हळद-चुना न लावता दवाखान्यात दाखवावी, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का ते विचारावं. डोळ्याजवळ लागलं असेल तर एक तासही घालवू नये. रेबीजची भीती अनेकांना वाटते. तो सस्तन प्राण्यांचा आजार आहे, कोंबड्याच्या टोचण्याने होत नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत एक धोका फारसा कुणाला ठाऊक नसतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठातल्या न्यायवैद्यक तज्ज्ञाने २०१९ मध्ये ७६ वर्षांच्या एका बाईंच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली: अंडी गोळा करताना कोंबड्याने पायाला टोचलं, चोच फुगलेल्या शिरेवर लागली, आणि रक्तस्रावाने त्या गेल्या. आपल्याकडे शेतात उभ्याने काम करून पायांच्या शिरा फुगलेल्या बायका घरोघरी आहेत. त्यांनी रागीट कोंबड्याच्या परसात जाऊ नये, आणि कधी रक्त वाहू लागलंच तर आडवं होऊन पाय वर धरावा, जखमेवर फडकं घट्ट दाबावं आणि हाक मारावी.

एवढं सगळं करूनही काही कोंबडे बदलत नाहीत. तिथे हट्ट धरू नये. चांगला कोंबडा कळपासाठी मोलाचा असतो, हे मी नाकारत नाही. घारीसाठी एक इशारा, मुंगूस-कुत्र्यासाठी दुसरा, असे वेगळे आवाज तो काढतो. कोंबड्या जवळ असल्या की घारीचा इशारा जास्त वेळा देतो, हेही अभ्यासातून दिसलेलं आहे. पण हे काम माणसावर न धावणारा कोंबडाही तितकंच चोख करतो. आणि नुसती अंडी खायची असतील तर कोंबडा लागतच नाही. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देत नाही हा समज अजून अनेक घरांत आहे. कोंबडा लागतो तो अंड्यातून पिल्लं हवी असतील तेव्हा. दोन-तीन आठवडे नीट वागूनही जो मुलांवर, म्हाताऱ्या माणसांवर धावतो, तो घरात ठेवू नये. गावठी कोंबड्याला बाजारात चांगला भाव येतो, देवाच्या मानाला आणि पाहुण्याच्या ताटालाही तो लागतो. ज्या घरात मांस खाल्लं जातं तिथे हा निर्णय स्वच्छ मनाने घ्यावा. दुसऱ्या पाळणाऱ्याला देणार असाल तर त्याचा स्वभाव आधी सांगावा, विशेषतः त्या घरी लहान मूल असेल तर.

आणि त्याची पिल्लं काढू नयेत. रागीटपणाचा काही भाग रक्तातूनच पुढे जातो. पुढचा कोंबडा निवडताना तुरा-पिसारा नंतर पाहावा. चार-पाच नर पिल्लं सात-आठ महिन्यांपर्यंत कळपात वाढू द्यावीत आणि त्यांतला जो कोंबड्यांना दाण्यावर बोलावतो, घार दिसली की ओरडतो आणि माणूस आला की बाजूला सरतो, तो ठेवावा. फक्त घाई करू नये. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडेही टिकून राहतं. म्हणून रागीट कोंबडा काढल्यावर तीन आठवडे जाऊ द्या, त्या काळातली अंडी स्वयंपाकात वापरा, आणि त्यानंतरचीच अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवा.